दोरी ओढली की लाइन थांबते. मग काम जास्त कसं होतं?

प्रश्न : मी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. आता घरीच असतो. मुलगा चाकणला गाड्यांच्या एका कारखान्यात लागला आहे. तो सांगतो, त्याच्या डोक्यावर एक दोरी बांधलेली आहे. काही चुकतंय असं वाटलं तर कुणालाही न विचारता ती ओढायची. वेळ आली तर अख्खी लाइन थांबते. या पद्धतीला 'लीन' म्हणतात म्हणे. आमची मजुरी पिकावर, म्हणजे धोट्याच्या खेपांवर. माग थांबला की मजुरी थांबली आणि वर बोलणी खायची. काम थांबवून काम जास्त कसं होतं? आणि 'लीन' म्हणजे शेवटी माणसं कमी करणंच, असं इथे लोक म्हणतात. ते खरं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या मुलाच्या डोक्यावरची ती दोरी मूळची मागावरचीच आहे.

साकिची टोयोडा हे जपानमधल्या एका सुताराचे चिरंजीव, जन्म 1867. गावात घरोघरी हातमाग. आईला रात्री उशिरापर्यंत मागावर बसलेलं पाहत ते वाढले आणि तिचे कष्ट कमी करण्याच्या ध्यासाने लाकडी माग सुधारत राहिले. 1891 मध्ये त्यांना पहिलं पेटंट मिळालं आणि 1896 मध्ये त्यांनी यंत्रशक्तीवर चालणारा माग तयार केला. तुमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो 1904 साली. म्हणजे दोन्हीकडची सुरुवात आठ वर्षांच्या अंतराने झाली.

पुढची अडचण तुम्हाला मी सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर माग चालतच राहतो आणि वारच्या वार कापड डागी होतं. म्हणून मागापाशी माणूस डोळ्यांत तेल घालून उभा लागतो. साकिचींनी आणि त्यांचा मुलगा किइचिरोंनी 1924 साली जो 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग आणला, त्यात उभा धागा तुटला की माग आपला आपण थांबत असे. आणि बाण्याची कांडी संपत आली की माग न थांबता नवा धोटा आत येत असे. कधी थांबायचं आणि कधी थांबायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्या यंत्राला शिकवलेल्या होत्या. त्यामुळे एका माणसाला 30 ते 50 माग सांभाळता येऊ लागले, असं याच घराण्यातून पुढे निघालेल्या टोयोटा कंपनीच्या नोंदी सांगतात. ज्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत धडधडत होती, त्या इंग्लंडच्या नामांकित कंपनीने 1929 मध्ये या मागाचे हक्क टोयोडांकडून विकत घेतले.

जपानी भाषेत 'स्वयंचलन' हा शब्द तीन चित्राक्षरांनी लिहितात. त्यातल्या 'हालचाल' या अक्षराला टोयोटाने माणसाची खूण जोडून घेतली. नुसतं हलणं वेगळं आणि समजून काम करणं वेगळं, हा फरक त्या एका खुणेत आला. उच्चार तोच राहिला, 'जिदोका'. तुमच्या मुलाच्या कारखान्यातल्या दोरीचं मूळ हे. मागाला जे जमलं, ते मोटारीच्या लाइनवरच्या प्रत्येक माणसाला करता यावं, एवढाच तिचा अर्थ.

आता दोरी ओढल्यावर काय होतं ते पाहू. लोकांना वाटतं की लाइन खाडकन थांबत असेल. तसं नसतं. दोरी ओढली की वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा पिवळा होतो आणि एखादी धून वाजते. चार-पाच माणसांच्या गटाचा प्रमुख लगेच तिथे येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचायच्या आत दोघांनी मिळून प्रश्न सोडवला, तर प्रमुख पुन्हा दोरी ओढून इशारा बंद करतो आणि लाइन चालूच राहते. नाही सुटला तरच दिवा लाल होतो आणि लाइन थांबते. म्हणजे ही दोरी आधी मदतीला हाक मारते. आता बऱ्याच ठिकाणी दोरीऐवजी बटण आलं आहे, काम तेच.

फायदा कुठे होतो? समजा, दाराच्या आतला एक बोल्ट नीट बसला नाही. त्याच जागी तो मिनिटभरात दुरुस्त होतो. तो तसाच पुढे गेला, त्यावर वायरिंग आलं, आतलं आवरण बसलं, सीट आली, तर शेवटच्या तपासणीत तोच बोल्ट शोधायला गाडी पुन्हा उघडावी लागते. आणि तोवर तीच चूक मागच्या किती गाड्यांत झाली, हे कुणीच सांगू शकत नाही. थांबल्याचा तोटा डोळ्यांना दिसतो. न थांबल्याचा तोटा रीवर्कच्या कोपऱ्यात, ग्राहकाच्या तक्रारीत आणि स्क्रॅपच्या ढिगात विखुरलेला असतो, म्हणून तो कुणाच्या हिशोबात येत नाही.

शिवाय थांबण्याचा खरा उपयोग थांबल्यानंतर होतो. ताइची ओहनो हे टोयोटाच्या या पद्धतीचे शिल्पकार. तेही मूळचे टोयोडांच्या कापड व्यवसायातले, 1943 मध्ये मोटार कारखान्यात आले. ते माणसांना एका कारणावर थांबू देत नसत. त्यांनी आपल्या पुस्तकात दिलेलं उदाहरण असं आहे : यंत्र बंद पडलं. का? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला तेल पुरेसं नव्हतं. का नव्हतं? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबलात तर नवा फ्यूज घालाल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घालाल. पाचव्या उत्तरापर्यंत गेलात तर गाळणी बसवाल आणि प्रश्न मिटेल. आपल्याकडच्या कारखान्यांत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. फ्यूज बदलणाऱ्याला शाबासकी मिळते आणि गाळणी मागणाऱ्याला 'नंतर बघू'.

एक मोठा दाखला द्यायलाच हवा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद झाला. गैरहजेरी, भांडणं आणि खराब गाड्या यांसाठी त्याची ख्याती होती. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने सुरू केला. कामगार बहुतेक सगळे जुनेच होते आणि संघटनाही तीच. त्यांच्यातल्या काही जणांना जपानला नेऊन काम दाखवलं, प्रत्येकाच्या हाताशी दोरी दिली आणि ती ओढल्याबद्दल कुणी रागावणार नाही हे प्रत्यक्ष वागून पटवलं. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जपानी गाड्यांच्या तोडीला आल्या आणि गैरहजेरी फार खाली आली. कामगार आळशी आहे म्हणून कारखाना बुडतो, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

लीनचं दुसरं अंग म्हणजे साठा. किइचिरोंनी 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी काढली, तेव्हाच 'लागेल तेव्हा, लागेल तेवढंच' ही कल्पना मांडली होती. ओहनोंनी ती पुढे नेली. अमेरिकी सुपरमार्केटचं वर्णन त्यांनी ऐकलं होतं : गिऱ्हाइक फळीवरून जेवढं उचलतं, तेवढंच दुकानदार पुन्हा भरतो. त्यांनी कारखान्यातही तेच केलं. पुढच्या विभागाने माल उचलला की त्याची चिठ्ठी मागच्या विभागाकडे जाते आणि तेवढाच माल बनतो. या चिठ्ठीला 'कानबान' म्हणतात.

साठा कमी का ठेवायचा? पैसे अडकतात हे तर आहेच. पण ओहनोंच्या लेखी गरजेपेक्षा जास्त बनवणं ही सगळ्यात वाईट नासाडी होती, कारण तिच्याखाली बाकीच्या नासाड्या झाकल्या जातात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. देऊळ तिथेच असतं, पाणी असेपर्यंत दिसत नाही. साठ्याचं तसंच आहे. गोदामात महिन्याभराचा माल पडला असेल, तर बिघडलेलं यंत्र, उशीर करणारा पुरवठादार, सदोष लॉट, काहीच बोचत नाही. माल तीन दिवसांवर आणा, सगळं उघडं पडतं.

अर्थात लहान लॉट काढायचे तर सेटिंग पटापट बदलता आलं पाहिजे. 1969 मध्ये टोयोटात 1,000 टनांच्या एका प्रेसची डाय बदलायला 4 तास लागत होते. शिगेओ शिंगो या अभियंत्याने आधी ते काम 90 मिनिटांवर आणलं आणि पुढच्या काही महिन्यांत 3 मिनिटांवर. युक्ती घरगुती होती. प्रेस बंद करायच्या आधी जे जे करता येईल ते आधीच करून ठेवायचं : डाय आणून ठेवणं, पाने हाताशी लावणं, उंची जुळवणं. पाहुणे दारात आल्यावर कणीक मळायला घेणाऱ्या घरात जेवायला उशीर होणारच.

उणी बाजूही सांगतो. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाला ब्रेकचा एक छोटा भाग पुरवणाऱ्या कारखान्याला आग लागली. साठा काही तासांचाच होता, त्यामुळे जपानमधले टोयोटाचे कारखाने बंद पडले. इतर पुरवठादारांनी तो भाग आपापल्या यंत्रांवर बनवून दिला, म्हणून ते काही दिवसांत पुन्हा सुरू झाले. 2011 च्या जपानमधल्या भूकंपानंतर टोयोटाने काही नाजूक भागांचा साठा मुद्दाम वाढवला. साठा शून्य करा, असा मंत्र लीनमध्ये नाही. कुठला साठा कशासाठी ठेवला आहे हे ठाऊक असावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'लीन' हे नाव जपानी लोकांनी दिलेलं नाही. जॉन क्राफ्चिक यांनी 1988 मधल्या एका लेखात ते वापरलं. हे क्राफ्चिक आधी नुम्मीमध्येच अभियंता होते. 'लीन' म्हणजे सडसडीत. पण पुष्कळ मालकांनी त्याचा अर्थ 'माणसं काढा' असा घेतला, आणि तुमच्या गावात लोक तसं म्हणत असतील तर त्यात त्यांची चूक नाही. टोयोटाने स्वतः 1950 मध्ये दीड हजारांहून अधिक कामगार कमी केले होते. मोठा संप झाला आणि अध्यक्ष किइचिरोंनी पद सोडलं. त्यानंतर कायम कामगारांची नोकरी टिकवायची, ही भूमिका कंपनीने धरली. दोरीची व्यवस्था या शाश्वतीवर उभी राहिली. तरी हंगामी कामगारांची कथा वेगळी होती. पत्रकार सातोशी कामाता यांनी 1972 मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केलं आणि तिथल्या जीवघेण्या वेगावर पुस्तक लिहिलं. ते वाचल्याशिवाय लीनची स्तुती करू नये, असं मला वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या कामगाराने सुचवलेल्या सुधारणेमुळे त्याचीच किंवा शेजाऱ्याची नोकरी जाते, तो दुसरी सुधारणा कधी सुचवणार नाही. मोकळा झालेला माणूस दुसऱ्या कामाला लावणारी लीन टिकते. त्याला घरी पाठवणारी वर्षभरात मरते आणि मागे फक्त भिंतीवरचे रंगीत तक्ते उरतात.

तुमच्या गावातल्या वीस-पंचवीस मागांच्या शेडला यातलं काय घेता येईल, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या ओळखीचे मालक हे वाचतील म्हणून सांगतो. नवी यंत्रं लगेच नकोत. ओहनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करत आणि नुसतं पाहायला लावत. मालकाने रोज अर्धा तास तसं शेडमध्ये उभं राहावं. भिंतीवर एक फळा लावावा आणि माग थांबला की कारण लिहावं : ताणा तुटला, कांडी वेळेवर आली नाही, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाट पाहिली, वीज गेली. पंधरा दिवसांत कळेल, वेळ कुठे जातो. लहान उद्योगांना सल्लागाराची मदत हवी असेल, तर केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये सुरू केलेल्या लीन योजनेत त्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी.

पण एक अट आहे आणि ती तुमच्या पत्रातच आली आहे. मजुरी पिकावर असेल आणि दोष दाखवण्यासाठी माग थांबवणाऱ्याचे पैसे कापले जाणार असतील, तर तो माग थांबवणार नाही. तो डागी कापड काढत राहील, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दोष दाखवण्यात गेलेल्या वेळेची मजुरी मालकाने भरून द्यायला हवी. फळा त्यानंतर लावावा.

मुलगा पुढच्या सुट्टीला घरी आला की त्याला एवढं विचारा : गेल्या महिन्यात तू दोरी किती वेळा ओढलीस, आणि ओढल्यावर पहिला आलेला माणूस काय म्हणाला? 'काय झालं, बघू' असं तो म्हणाला असेल, तर पोरगा चांगल्या ठिकाणी लागला आहे. जे उत्तर मिळेल ते मला जरूर कळवा.