सेवानोंदीतील ‘दहावी पलटण’

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कित्येक घरांत दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या सेवेचे कागद अद्याप जपलेले आढळतात. त्यांवर ‘१०/५ मराठा’ अशी नोंद दिसली की तो दहाव्या पलटणीतून लढला, असा समज होतो. वस्तुतः १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही पलटण प्रशिक्षणासाठी राखण्यात आली होती. तिचे ठाणे बेळगाव. नवा जवान प्रथम तेथे दाखल होई. कवायत पुरी झाल्यावर लढत्या पलटणींतील रिकाम्या जागा भरण्यासाठी त्याची रवानगी होई. वाटेत कुमक छावणीत मुक्काम पडे. इस्पितळातून सुटलेला जवानही बहुधा तेथेच येई. अशा नोंदीवरून रणभूमी ठरविली, तर नातवंडे आजोबांचे नाव भलत्याच स्मारकावर शोधत राहतात.

तेव्हा खरी महत्त्वाची बदलीची तारीख. जून १९४२ पूर्वी २/५ मध्ये गेलेला जवान टोब्रुकला युद्धकैदी झालेला असू शकतो. १९४४ मध्ये ३/५ मध्ये गेलेला इटलीत असण्याचा संभव अधिक. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती हीच पलटण. गावच्या स्मृतिफलकावर नाव कोरण्यापूर्वी ग्रामपंचायतीने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडे याविषयी विचारणा करावी.