प्रश्न, उत्तर आणि इंग्रजीचा तास

कला शाखेच्या प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी आजमितीस बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. बारा वर्षे म्हणजे एक तप. एवढ्या काळात मनुष्य तबलासुद्धा बऱ्यापैकी वाजवू लागतो. परंतु आवश्यक इंग्रजीच्या तासाला बसलेल्या मुलाला 'तुझे गाव कोणते, तू येथवर कसा येतोस' एवढेच इंग्रजीत विचारले, तर तो शेजाऱ्याकडे पाहतो, शेजारी फळ्याकडे पाहतो आणि वर्ग गप्प होतो. हाच मुलगा कर्तरी वाक्याचे कर्मणी बिनचूक करून दाखवतो. मुलाखत इंग्रजीत होणार असे कळले मात्र, की तो अर्जच करीत नाही. चांगल्या बुद्धीच्या काही मुलामुलींनी केवळ या एका धास्तीने पुढच्या वाटा सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ अध्यापनशास्त्राचा वाटत नाही.

याची कारणे विचारली की अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, परीक्षापद्धती, विद्यार्थ्यांचा आळस अशी नेहमीची नावे पुढे येतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु मला येथे एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ती म्हणजे, वर्गात कोण कोणाला काय विचारतो?

बर्मिंगहॅम विद्यापीठातील सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या दोघांनी वर्गातील संभाषणाचा बारकाईने अभ्यास करून १९७५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तराला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो, अशी तीन पायऱ्यांची घडण त्यांना वर्गातील बोलण्यात पुनःपुन्हा आढळली. आपल्याला तीत वावगे काही वाटत नाही, कारण आपण सारे तीतूनच वाढलो. पण ती वर्गाबाहेर नेऊन पाहा. स्टँडवर उभ्या असलेल्या गृहस्थाला आपण विचारले, "परभणीची गाडी गेली का?" तो म्हणाला, "गेली." त्यावर आपण जर "शाब्बास! आता पूर्ण वाक्यात सांग," असे म्हटले, तर तो आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहील? (पूर्ण वाक्याचा हा आग्रह आपल्याकडे इतका मुरलेला आहे की, जगात कोणताही इंग्रज साध्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देत नसतो हे आपण विसरूनच जातो.)

दुसऱ्या भाषेच्या वर्गात ही अडचण अधिक जाचक ठरते. मायकेल लाँग आणि चार्लीन सातो यांनी अमेरिकेतील इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या तासांचा अभ्यास १९८३ मध्ये मांडला. शिक्षकांचे बरेचसे प्रश्न असे होते की त्यांची उत्तरे शिक्षकाला आधीच ठाऊक होती. वर्गाबाहेर परदेशी माणसाशी बोलणारे इंग्रजी भाषक मात्र असले प्रश्न जवळजवळ विचारीतच नव्हते. ठाऊक असलेले विचारणे ही परीक्षा होय. ठाऊक नसलेले विचारणे हा संवाद. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही नसते, केवळ चुकण्यासारखे असते. पाठ समजला की नाही हे पाहण्यास असे प्रश्न उपयोगी पडतात, आणि अगदी नवख्यांच्या वर्गात ते टाळताही येत नाहीत. पण सगळा तासच त्यांनी भरला, तर भाषेचे जे मुख्य काम, म्हणजे एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला कळवणे, ते वर्गात घडतच नाही.

एक उदाहरण घेऊ. "काल तू आला नव्हतास ना?" या प्रश्नाला मराठीत आपण सहज "हो, नव्हतो आलो" असे म्हणतो. आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत तेथे 'नो' येतो, कारण तो पुढच्या नकारार्थी वाक्याशी जुळतो. आमचे विद्यार्थी हमखास "यस सर, आय डिड नॉट कम" असे म्हणतात. नियम म्हणून ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते आणि दोन दिवसांत विसरली जाते. ती अंगवळणी पडायची तर कोणीतरी कोणाला तरी खरोखरच काल का आला नाहीस हे विचारले पाहिजे.

नुसती समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की पुरे, असे मत अमेरिकन अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास मांडले व ते फार गाजले. त्याला पहिला मोठा छेद कॅनडातून मिळाला. तेथे १९६५ पासून क्वेबेक प्रांतातील सेंट लँबर्ट या गावी इंग्रजी घरांतील मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. या मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले, परंतु त्यांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षे राहिल्या. टोरंटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचे एक कारण दाखवले: मुले ऐकत पुष्कळ होती, पण नेमके बोलण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येत होती. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर इंग्रजीचा अखंड प्रवाह वाहत असतो. तो त्यांना काहीही विचारीत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्या देशात या दिशेने झालेला मोठा प्रयत्न म्हणजे एन. एस. प्रभू यांचा बंगलोर प्रकल्प. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास (आताचे चेन्नई) आणि कडलूर येथील काही शाळांच्या वर्गांत तो चालला. हे वर्ग साधे होते. आपल्यासारखीच गर्दी, आपल्यासारखीच बाके. त्या काळी इंग्रजी शिकवायचे ते एकेक वाक्यरचना घेऊन, ती घोटवून. प्रभूंनी रचनांची यादीच बाजूला ठेवली. मन अर्थात गुंतलेले असताना व्याकरण अधिक चांगले रुजते, असे त्यांचे म्हणणे होते. रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा असले काहीतरी वर्गापुढे ठेवायचे. शिक्षकाने सर्वांबरोबर बोलत, प्रश्न विचारीत एक कोडे सोडवायचे. मग तशाच प्रकारचे दुसरे कोडे प्रत्येकाने स्वतंत्रपणे सोडवायचे. तपासायचे ते उत्तर, भाषा नव्हे. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे नेणे, तर्क करणे आणि मत देणे या तीन प्रकारांपैकी तर्काचे काम वर्गात सर्वांत चांगले चालते असे त्यांना दिसले. तर्कात उत्तर निश्चित असते, म्हणून लाजरा मुलगाही धीर करतो. मत द्यायला सांगितले की तो गप्प.

१९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांनी या वर्गांची तुलना जुन्या पद्धतीच्या वर्गांशी केली, तेव्हा निष्कर्ष प्रभूंच्या बाजूने पण बेताचाच निघाला. प्रत्येक गट आपल्या पद्धतीच्या चाचणीत पुढे राहिला, ही त्यातली मौजेची आणि विचार करण्यासारखी गोष्ट. विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांना आपापसात बोलायला लावणे प्रभूंना पसंत नव्हते, कारण मुले एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील, असे त्यांना वाटे. येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. शंभरांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी शिक्षकापाशी येईपर्यंत सत्र संपते.

मी हा प्रकार आमच्या वर्गात एस. टी. च्या वेळापत्रकावर करून पाहिला. आजीला साडेदहाच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचे आहे, तर कोणती गाडी धरावी? सात पन्नासच्या गाडीवर बहुतेकांचे एकमत झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "नो सर, दॅट बस नॉट स्टॉप." ती त्याच रस्त्याने रोज येते; ती गाडी त्यांच्या फाट्यावर थांबत नाही हे मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी विचारले, "इट डझन्ट स्टॉप देअर?" ती म्हणाली, "यस सर, डझन्ट स्टॉप." 'यस' मराठीच राहिला, पण 'डझन्ट' तिने उचलला! यावरून फार अनुमान काढू नये. शिक्षकाने चूक अशी सहज सुधारून परत म्हटली की विद्यार्थी ती सुधारणा बहुधा कानाआड करतो, असे कॅनडातील लिस्टर आणि रांटा यांना १९९७ साली आढळले होते. येथे तिने ती घेतली, कारण गाडी थांबत नाही हे मला पटवणे तिला भाग होते, असा माझा तर्क आहे.

ती इतके दिवस का बोलली नाही, याचाही विचार केला पाहिजे. आमच्या भागातील मुलाला 'आनी-पानी' म्हटल्याबद्दल पहिलीपासून हसू झालेले असते. स्वतःच्या मराठीतच ज्याला तोंड उघडायची चोरी, तो इंग्रजीत कसे उघडील? त्यात आम्ही शिक्षक थांबत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांत मोजून पाहिले: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि न बोलणारी मुले बोलू लागतात. हे तर मातृभाषेतून शिकणाऱ्यांचे. आमच्या विद्यार्थ्याला तेवढ्यात मराठीतून इंग्रजीत जाऊन यायचे असते.

वर्गात मराठी वापरू नये, या मताचा मी नाही. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर पिढ्या शिकल्या, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगितल्याने दहा मिनिटे वाचतात. मात्र एक गोष्ट खटकते. कविता इंग्रजीत, टिपणे इंग्रजीत, पण "परवा तास आहे का?", "फॉर्मची शेवटची तारीख कोणती?" हे सारे मराठीत चालते. म्हणजे तासातले जेवढे खरे बोलणे, ते मराठीत, आणि इंग्रजी उरते ते शोभेला. म्हणून गेल्या वर्षापासून मी पहिली सात-आठ मिनिटे या खऱ्या कामकाजासाठी ठेवली आहेत. सूचना इंग्रजीत, शंका इंग्रजीत. तुटकी चालते, शेजाऱ्याला विचारून जुळवलेली चालते, हसणे मात्र चालत नाही. पाठ थोडे मागे पडतात, ही गोष्ट खरी. मागील महिन्यात एकाने विचारले, "सर, व्हाय लायब्ररी क्लोज फाइव्ह ओ'क्लॉक? अवर बस इज सिक्स." मला सांगता येईना. ग्रंथपालांना विचारून दुसऱ्या दिवशी वर्गाला कारण सांगितले, तर त्यावर आणखी दोन प्रश्न आले.