सोसायटीची नोटीस किती पॉइंटांत?

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस हल्ली दोन ठिकाणी जाते: लिफ्टशेजारच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. फाइल मात्र एकच, ए-फोर कागदाची, १२ पॉइंटांत कंपोज केलेली. फलकावर ती नाक टेकवून वाचावी लागते आणि मोबाइलवर दोन बोटांनी ताणून. म्हणून टायपिंगला बसण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की नोटीस कशावर आणि किती अंतरावरून वाचली जाणार. आकडा त्यानंतर.

हातात धरायच्या कागदाला बहुतेक देवनागरी फाँटांत १२-१३ पॉइंट पुरतात. वाचणारे बहुतांश ज्येष्ठ असतील तर १६ ठेवा. पण फाँट बदलला की हा हिशेब बदलतो. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग खरा, तरी त्यात फक्त अक्षराची उंची धरलेली नसते. मात्रा, वेलांट्या, उकार यांची जागाही त्यातच येते, आणि ती किती सोडायची हे फाँट करणारा ठरवतो. विंडोजमधले मंगल आणि कोकिळा घ्या. दोन्हींत १४ पॉइंटांत तीच ओळ टाइप करून पाहा; कोकिळातली ओळ चांगलीच बारीक दिसेल. तेव्हा ‘गेल्या वर्षी १४ घेतला होता’ या आठवणीला फारसा अर्थ नाही.

त्यापेक्षा चाचणीची एक ओळ छापा. तीत ‘उद्घाटन’, ‘ज्येष्ठ’, ‘श्रद्धा’ असे जोडाक्षरांचे शब्द हवेत, घ-ध आणि भ-म शेजारीशेजारी हवेत, शिवाय १ आणि ९ हवेत. द्ध चा काळा ठिपका झाला किंवा सभा एकला की नऊला असा प्रश्न पडला, तर आकार वाढवा. नुसतं ठळक करून भागत नाही; बारीक आकारात ठळक केलं की अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा बुजते.

ओळींमधल्या अंतरात कंजुषी सगळ्यात जास्त होते. इंग्रजीच्या सवयीने १२ पॉइंटाला १४ चं अंतर दिलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. आकाराच्या दीडपट अंतर धरा, म्हणजे १२ ला १८. मंगलसारख्या फाँटात मुळातच ऐसपैस जागा असते. वर्डमध्ये दीडपट निवडलं की ती आणखी फुगते, म्हणून तिथे ‘एक्झॅक्टली’ निवडून १८ हा आकडा स्वतः घाला. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो.

आता फलक. अंतर दुप्पट झालं की आकारही दुप्पट लागतो. हातातला कागद साधारण ४० सेंटिमीटरवर असतो, फलक ८० वर धरला तर १२ चे २४ झाले. एवढ्या आकारात सगळी विषयपत्रिका एका पानावर मावणार नाही, आणि ती मावलीच पाहिजे असंही नाही. तारीख, वेळ, जागा पहिल्या पानावर ३६ मध्ये घ्या, बाकी दुसऱ्या पानावर जाऊ द्या.

मोबाइलचा हिशेब उलटा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७. पान एक तृतीयांश होतं, म्हणजे १२ पॉइंट चारवर येतात. पीडीएफच पाठवायची असेल तर तिच्यासाठी लहान पानाची वेगळी प्रत करा. माझं मत विचाराल तर मजकूर सरळ संदेशात टाइप करून पाठवा. ज्याने फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली आहेत त्याला ती तशीच मोठी दिसतील; चित्रात ती सोय नाही.

सोसायटीची वेबसाइट असेल तर ब्राउझरच्या नेहमीच्या १६ पिक्सेलऐवजी मराठीला १८ द्या, ओळीचं अंतर १.६ ते १.८ पट ठेवा आणि माप ‘रेम’मध्ये लिहा, म्हणजे वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये निवडलेला आकार लागू होईल.

छापील प्रत फलकावर लावल्यावर एकदा संध्याकाळी, जिन्यातल्या दिव्यात वाचून पाहा. दिवा मंद असेल तर गुलाबी-निळे कागद बाजूला ठेवून पांढऱ्यावरच छापा.