तुझा हात, तुझ्या कळा

अगं, परवा फोन ठेवला आणि आधी मला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. "ताई, तुझी शॉर्टकटची फाइल टाकली आणि सगळंच उलटं झालं," म्हणालीस. होणारच होतं. तू डावखुरी. लहानपणी एका पाटावर चित्रं रंगवायला बसलो की तुझा डावा कोपर माझ्या उजव्या कोपराला लागायचा आणि दोघींच्या रेघा वाकड्या व्हायच्या. हे सगळं आठवत असून मी माझी फाइल तुला पाठवली!

झालं काय, ते सांगते. मी टॅब्लेटचं पेन उजव्या हातात धरते आणि माझा डावा हात कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मुक्काम करून असतो. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट, स्पेसबार, झेड, सगळं बोटाखाली. आपल्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे क्रितामध्ये, ब्रश लहान-मोठा करायला चौकटी कंसाची दोन बटणं आहेत, अपारदर्शकता कमी-जास्त करायला आय आणि ओ, रंग गडद करायला के, फिका करायला एल. सगळी उजवीकडे. त्यासाठी दर वेळी पेन सोडून उजवा हात उचला, नाहीतर डाव्याची तंगडतोड करा. मी वैतागून ती कामं डावीकडे ओढून घेतली. तुझं नेमकं उलटं. तुझं पेन डाव्या हातात, मोकळा हात उजवा. म्हणजे मूळच्या या कळा तुझ्यासाठी सोन्यासारख्या जागेवर होत्या, आणि माझ्या फाइलने त्याच तुझ्याकडून काढून घेतल्या.

तेव्हा आज आधी मूळची मांडणी परत आण. मग एक कागद घे आणि तीन दिवस नेहमीसारखं काम कर. प्रत्येक वेळी मेन्यूत शिरलीस किंवा पेन बाजूला ठेवलंस की का ठेवलंस ते लिहून पुढे एक रेघ मार, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. मी हे केलं तेव्हा मला वाटलं होतं की ब्रश बदलण्यातच माझा वेळ जातो. प्रत्यक्षात सगळ्यात लांबलचक रांग निघाली ती 'अन्‌डू'ची. चुका मोजायला कोणाला आवडतं म्हणा! पण त्या रांगेनंच ठरवलं की माझ्या बोटांना काय जवळ हवं. आईच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि हळद पुढे असतात, शहाजिरं कुठेतरी मागच्या बरणीत. तिला ते कुणी शिकवलं नाही, रोजच्या फोडणीनं शिकवलं.

तुझ्याही कागदावर अन्‌डू वर असेल असं मी आत्ताच सांगते. कंट्रोल झेड डाव्या हातासाठी ठीक, पण तुझ्या उजव्या हाताला झेडपर्यंत आडवं जावं लागतं. त्याला दुसरी जागा दे, अर्धविरामाचं बटण घे हवं तर. त्यावर आधीच काही काम असेल तर सॉफ्टवेअर विचारतं, तेव्हा घाईत 'हो' म्हणू नकोस. आधी ते काम काय आहे ते वाच.

काही गोष्टींना मात्र हातही लावू नकोस, कारण त्या दोन्ही हातांना सारख्याच जमतात. स्पेसबार दाबून पेन ओढलं की कॅनव्हास सरकतो. शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून ओढलं की तो फिरतो, आणि शिफ्ट तर उजवीकडेही आहे. कागदावर काढताना आपण कागद तिरपा करतोच ना? पडद्यावर मात्र का कोण जाणे मान तिरपी करतो. ब्रशचा आकार बदलायला मी तर आता कंसही वापरत नाही. शिफ्ट धरून पेन आडवं ओढते, वर्तुळ डोळ्यांसमोर लहान-मोठं होतं. आणि कंट्रोल धरून चित्रावर टेकवलं की तिथला रंग उचलला जातो. एवढ्या चार गोष्टी आठवडाभर घोटल्यास तरी तुझं निम्मं काम होईल.

पाचवी एम. ही माझी लाडकी. एम दाबलं की चित्र आरशात दिसावं तसं उलटतं. चित्र बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं, पुन्हा दाबलं की सरळ. तासभर एकाच चेहऱ्याकडे पाहून डोळे इतके सरावतात की एक डोळा खाली घसरलाय हे कळतच नाही. उलटलं की तो घसरलेला डोळा ओरडून सांगतो. एम उजवीकडे आहे, तुझ्या बोटाखालीच. दर दहा मिनिटांनी दाब, लाजू नकोस.

शॉर्टकट बदलायला गेलीस की एक गोंधळ होईल, मी दोन संध्याकाळी घालवल्यात त्यात. सेटिंग्जमधून 'कॉन्फिगर क्रिता' उघडलं की 'कीबोर्ड शॉर्टकट्स' दिसतं. तिथे अन्‌डू सापडेल, पण स्पेसबार धरून सरकवणं काही सापडणार नाही. बटण आणि पेन मिळून होणारी कामं 'कॅनव्हास इनपुट सेटिंग्ज' नावाच्या वेगळ्या खोलीत ठेवलीत. तिथेच फोटोशॉपच्या सवयीशी जुळणारी तयार मांडणीही आहे. तुझ्या कॉलेजात फोटोशॉप शिकवतात, म्हणून मोह होईल. पण ई या बटणाकडे लक्ष ठेव. फोटोशॉपमध्ये ई म्हणजे वेगळा खोडरबर, बी दाबलं की ब्रश परत. क्रितात ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो आणि पुन्हा ई दाबेपर्यंत तसाच राहतो. एकदा रात्री माझा ब्रश उमटेचना. पेनचं टोक बदललं, कॉम्प्युटर बंद-चालू केला, वायरला शिव्या दिल्या. कोपर ई वर पडला होता, एवढंच.

आणि आपल्या लोकांचं खास दुखणं. तू मराठी टाईप करून तशीच चित्राकडे वळतेस. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर असला तर बी दाबल्यावर 'व' जातो, आणि चित्राचा प्रोग्राम बिचारा 'व'चं काय करणार? विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा इंग्रजीवर आणायची सवय लाव.

एक कडक सूचना. काम अंगावर असताना काहीही बदलू नकोस. मी दिवाळी अंकाची सहा रेखाटनं द्यायची होती त्याच आठवड्यात हौसेनं अर्धा कीबोर्ड फिरवला. डोक्याला नवी जागा ठाऊक, बोटं जुन्या जागी जायची. दोन रेखाटनं उशिरा गेली आणि मनगट असं दुखलं की कळफलकावरची कळ आणि मनगटातली कळ यांना मराठीत एकच शब्द का, ते नीट समजलं. दुखायला लागलं की थांब, बाई. खरंच थांब. शॉर्टकटनं हात वाचतो तो विश्रांती दिली तरच.

बदल पाचच कर, जास्त नकोत. जमले की शॉर्टकटची फाइल सेव्ह करून पेन ड्राइव्हवर ठेव. माझी पहिली मांडणी लॅपटॉप फॉरमॅट करताना गेली, आणि ती मला पाठही नव्हती, फक्त बोटांना पाठ होती. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये डावखुऱ्यांसाठी तो उलटा फिरवायची सोय असते, तीही बघ. म्हणजे त्याची बटणं तुझ्या मनगटाखाली येणार नाहीत.

रविवारी येशील तेव्हा तो रेघांचा कागद घेऊन ये, आपण बसून ठरवू. तू माझ्या उजवीकडे नको बसूस, डावीकडे बस.