कातारकामाचा पहिला पेनसंच

बारामती-इंदापुरकडील बाभळीचें लांकूड आपणांपैकीं बहुतेकांनीं औताला किंवा बैलगाडीच्या चाकाला पाहिलें असेल. त्याच लांकडाचा, स्वतःच्या हातानें लेथवर कातलेला पेन खिशाला लावण्याची हौस कोणास झाली तर ती स्तुत्यच होय. परंतु लांकूड घरचें असलें तरी पितळी नळ्या, टोंक, फिरकी, क्लिप व रिफिल हे भाग तयार संचाच्या रूपानें विकत घ्यावे लागतात. आणि पालकांचे पैसे वायां जातात ते बहुधा याच खरेदींत.

माझा स्वतःचा पहिला संच सोनेरी मुलाम्याचा व दिसण्यांत मोठा राजेशाही होता. त्याचे बुश मात्र मीं मागविलेच नाहींत. बुश म्हणजे ठोकळ्याच्या दोन्ही अंगांस बसविण्याचीं पोलादी कडीं. लांकूड त्यांच्या पातळीपर्यंत कातलें म्हणजे धातूच्या भागाशीं सांधा सारखा जुळतो. प्रत्येक जातीच्या संचाचे बुश निराळे असतात. मीं अंदाजानें कातलें. सांध्यापाशीं लांकूड केसभर उंच राहिलें, तें अजून नखाला लागतें. मुलामाही वर्षभरांत बोटांखालीं उडाला. क्रोमचा मुलामा त्या मानानें पुष्कळ टिकतो.

तेव्हां नवशिक्यानें दोन नळ्यांचा, 7 मिलिमीटरचा साधा बारीक संच घ्यावा, असें माझें मत आहे. 7 मिलिमीटरचें ड्रिल साध्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतें. जाड एकनळी पेनांपैकीं कांहींना सुमारें 10.7 मिलिमीटरचें लागतें व तें शोधीत हिंडावें लागतें. बारीक पेनांत एक खोड आहे. टोंकाजवळ लांकडाची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ उरते. पटाशी बोथट असली कीं कपचा उडालाच. मात्र अशा वेळीं लांकूड व नळी एवढेंच जातें, बाकीचे भाग शाबूत राहतात. म्हणून दुसरा महाग संच घेण्यापेक्षां सुट्या नळ्यांच्या चार जोड्या मागवाव्या. या पेनाची रिफिलही बारीक जातीची असते, नेहमींची पार्कर पद्धतीची तींत बसत नाहीं. एक-दोन जास्त घेऊन ठेवाव्या.

लांकडाविषयीं एवढेंच कीं, बाभळीचा तांबूस गाभा घ्यावा, पांढुरकी साल-बाजू टाकून द्यावी. कालव्याकांठची ताजी फांदी कधींही घेऊं नये. ओलें लांकूड वाळतांना आंखडतें, आंतील पितळ आंखडत नाहीं. मग तयार पेनास महिन्याभरानें उभी चीर पडते. रंग हवा असल्यास कर्नाटकांतील चन्नपट्टणच्या खेळण्यांची युक्ति आठवावी: तेथील कारागीर फिरत्या लांकडास लाखेची कांडी टेकवितात आणि घर्षणाच्या उष्णतेनेंच लाख वितळून पसरते. आपल्या सावंतवाडीचीं लांकडी खेळणींही प्रसिद्ध आहेत; सहलीस गेल्यास अवश्य पाहावीं.

लेथ सुरू करण्यापूर्वीं डोळ्यांस चष्मा लावावा व बाह्या कोपराच्या वर सारून घट्ट कराव्या. पालकांनीं येथें समक्ष उभें राहावें.

शेवटीं भाग दाबून बसवितांना घाई नको. फिरकी थोडी दाबावी, रिफिल घालून टोंक आंत-बाहेर होतें कीं नाहीं तें पाहावें, पुन्हां थोडी दाबावी. ती फार आंत गेली तर रिफिलचें टोंक कायमचें बाहेर राहतें, आणि खिसा शाईनें माखतो.