तापीतला अहिर कुठे गेला?

प्रश्न : धानोरा परिसरातली जुनी माणसं तापीतल्या अहिर माशाबद्दल सांगतात. आता तो जाळ्यात का येत नाही?

उत्तर : अहिर वाढतो नदीत, पण अंडी घालतो समुद्रात. त्याची बोटभर पिल्लं खाडीतून प्रवाहाविरुद्ध वर चढतात. गुजरातेत तापीवर आधी काकरापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये उकाई धरण झालं, तिथे ही वाट तुटली. समुद्राकडे परतणाऱ्या मोठ्या अहिराला टर्बाइनही जीवघेणी ठरतात. नुसतं बीज सोडून हे भरून येणार नाही. युरोपात पिल्लांसाठी बंधाऱ्यांवर ओल्या ब्रशांच्या शिड्या बसवतात, तशा इथेही हव्यात. दिसायला अहिरासारखीच असलेली काटेरी पाठीची वाम मात्र वेगळी. ती नदीतच विणते, म्हणून तिचं भवितव्य बरंचसं आपल्या हाती आहे. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, बारीक आसाची जाळी कृपया लावू नका.