छावणी ते देवगिरी : एका दिवसाची सहल व एक प्रश्न

सहल हा शाळेच्या वर्षातील सुटीचा दिवस नव्हे. तो चार भिंतींबाहेर घ्यावयाचा पाठ होय. तत्त्वतः हे सर्व शिक्षकांस मान्य असते. परंतु पुष्कळदा मुले गाडीतून उतरतात, धावत माथा गाठतात, शिदोरी खातात आणि परततात. दुसऱ्या दिवशी काय पाहिले असे विचारता ‘किल्ला पाहिला’ यापलीकडे उत्तर येत नाही. यात दोष मुलांचा नाही. पाहावयास जाताना त्यांच्या मनात प्रश्नच नसतो. म्हणून एका सहलीस एकच प्रश्न बरोबर न्यावा. तो कसा न्यावा, हे देवगिरीच्या उदाहरणाने पाहू.

स्थळाची निवड

देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे. छावणीच्या बाजूने पश्चिमेस निघालेल्या रस्त्याने खुलताबाद व वेरूळकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्या किल्ल्याजवळ थांबतात. खास गाडी ठरविली की वर्गणी वाढते आणि जिच्या घरी ती देणे जमत नाही ती मुलगी ‘पोट दुखते’ असे सांगून घरी राहते. एस. टी.त 5 ते 12 वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट पडते व किल्ल्यात 15 वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही. शिक्षकांनी तुकडी वीसपंचवीसांची ठेवावी व आगारास आधी कळवावे, म्हणजे खर्चापायी एकही मूल मागे राहू नये.

पूर्वतयारी

सहलीपूर्वी एक तास वर्गात द्यावा. भिल्लम यादवाने 12व्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसविली. टेकडी भोवतालच्या जमिनीपासून सुमारे 200 मीटर उंच असून तिचा खालचा भाग सुमारे 50 मीटरपर्यंत तासून सरळ उभा केला आहे. खंदक, भुयारी वाट आणि अंबरकोट, महाकोट व काळाकोट हे तट यांमुळे किल्ला अभेद्य मानला जाई. तरीही 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवरायास तह करावा लागला. किल्ल्यात भरलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे परंपरा सांगते. 1633 मध्ये मोगलांच्या वेढ्यात निजामशाही शिबंदी उपासमारीने गांजली व किल्ला गेला.

एवढे सांगून फळ्यावर प्रश्न लिहावा : ‘कातळ अभेद्य होता, तर आतील माणसे कशावर जगत?’ उत्तर शिक्षकांनी सांगू नये.

प्रत्यक्ष सहल

कार्तिक ते माघ हे महिने योग्य. सकाळी लवकर पोहोचावे. प्रत्येकाजवळ पाणी, भाकरी, वही व पेन्सिल असावी. प्रत्येक तुकडीस एक दोरी द्यावी. तिच्यावर दर मीटरला गाठ मारलेली असावी.

पहिला मुक्काम महाकोटातील हत्ती हौद. त्याची प्रत्येक बाजू सुमारे 38 मीटर व खोली सुमारे 6.6 मीटर आहे. बाजूची लांबी मुलांनी काठापासून दूर राहून दोरीने मोजावी. खोली शिक्षकांनी सांगावी. जवळच्या डोंगरांतून खापरी नळांनी गावात पाणी आणले जाई, हे येथे सांगावे. सरस्वती बावडीही याच वाटेवर दाखवावी.

पुढे खंदक लागतो. येथे कठड्यावर कोणी चढू नये. भुयारी वाटेत, ज्यास अंधारी म्हणतात, एक शिक्षक पुढे व एक मागे असावा. दोघांजवळ विजेरी असावी. वटवाघळांस त्रास देऊ नये व आग्या मोहोळ दिसल्यास गोंगाट न करता दूर व्हावे. आत जाताना व बाहेर पडताना मुले मोजावीत.

चढताना प्रत्येक तुकडीने पायऱ्या मोजाव्यात. तुकड्यांच्या संख्या जुळणार नाहीत. मोजणीत चूक का होते, याचा हा उत्तम पाठ आहे. वाटेत काळ्या कातळाचे आडवे थर दाखवावेत. हा लाव्हारसाचा खडक असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी मुलांनी स्वतः शोधून वहीत नोंदवावीत. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे अधिकारी होते, हेही येथे सांगावे.

सर्वांस चढ झेपेलच असे नाही. अशक्त मुलांस एका शिक्षकासह हत्ती हौदापाशी ठेवावे. परंतु नुसते बसवू नये. हौदाचा नकाशा काढण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, म्हणजे आपण मागे राहिलो असे त्यांस वाटणार नाही. त्यांच्या नकाशावाचून दुसऱ्या दिवशीचे गणित सुटणार नाही.

परतल्यानंतर

दुसऱ्या दिवशी हौदाचे घनफळ काढावे. ते सुमारे साडेनऊ हजार घनमीटर, म्हणजे 95 लाख लिटर येते. दर माणशी रोज 20 लिटर धरल्यास 5,000 माणसांस ते किती दिवस पुरेल? सुमारे 95 दिवस. मग धान्याचेही असेच गणित मुलांकडून मांडून घ्यावे. वेढा तीन महिन्यांहून लांबला तर काय होईल, हे सांगण्याची गरज राहत नाही.

शेवटी तोच प्रश्न गावाकडे वळवावा. आपल्या गावात विहिरी किती? वैशाखात त्यांतील किती आटतात? आटलेल्या विहिरीच्या घरची माणसे पाणी कोठून आणतात? मुलांनी घरोघर विचारून तक्ता करावा व तो शाळेच्या भिंतीवर लावावा.

ज्या दिवशी एखादे मूल आपल्या गावच्या विहिरीपाशी उभे राहून हत्ती हौदाची आठवण काढील, त्या दिवशी ही सहल पूर्ण झाली असे समजावे.